वाट द्या, पण मला नको

डोंगरात सायकल चालवायचे दोन नियम मला तोंडपाठ आहेत. एक, पायवाट सगळ्यांची, म्हणून चालणाऱ्याला सायकलवाल्याने वाट द्यायची. दोन, चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची, कारण चढावर एकदा पाय टेकला की परत निघणं मुश्कील. पहिल्या नियमावर माझा भारी जीव. दुसरा कोणी काढला त्याला एकदा भेटायचंय.

गोव्यात वाळपईच्या पुढे सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांमधून अशी एक वाट वर जाते. एप्रिलात तिच्यावर बोंडू म्हणजे काजूची फळं वेचणाऱ्या बायका, ते फेणीच्या भट्टीवर, म्हणजे भाटीवर नेणारे गडी, गुरं, कुत्री आणि हेल्मेट घातलेले आम्ही. फेणीसाठीचे बोंडू तोडत नाहीत, पिकून पडलेलेच वेचतात, म्हणजे जांभ्याच्या खड्यांवर वर बोंडवांचा चिखल, वास असा की निम्मी नशा फुकट. सायकलला मागे ५१ दातांचं ताटाएवढं चक्र, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, त्यावर चेन टाकली की पाय गरागरा फिरतात आणि सायकल तिथल्या तिथे. उभं राहून जोर लावला तर मागचं चाक खड्यांवर घसरतं, मागे सरकून बसलो तर पुढचं उचलतं, म्हणून सीटच्या अगदी टोकावर बसायचं. त्या टोकाबद्दल इथे जास्त लिहीत नाही, घरचे वाचतात.

वळणावर बाहेरून रुंद घ्यायचं आणि नजर चाकावर नाही, वळण जिथे सुटतं तिथे ठेवायची. माझी नजर तिथेच असते, कोणी येतंय का बघायला, कारण कोणी आलं की नियमाप्रमाणे थांबता येतं ना! डबा घेतलेली बाई आली, मी अदबीने बाजूला. म्हैस आली, तिलाही वाट दिली आणि ती गेल्यावरही बराच वेळ देत राहिलो. मग एक कोंबडी. बोंडू वेचणारी एक मावशी हे सगळं बघत होती, म्हणाली, "पुता, चलत वच मरे, बेगीन पावतलो." म्हणजे, पोरा, चालत जा रे, लवकर पोचशील.

तेवढ्यात वरून दोन पोरं सायकलवर सुसाट उतरत आली आणि मला बघून कचकन ब्रेक मारून कडेला उभी. "या काका, तुम्ही या आधी."

म्हटलं, छे छे, तुम्ही या, मला काही घाई नाही.

"नाही काका, चढणाऱ्याला पहिला मान."

आता दोघं हात बांधून उभे, खाली मावशी कंबरेवर हात ठेवून, आणि मी जीभ बाहेर काढून मान घेतोय. पोरांसमोरून जाताना हसलोसुद्धा, निदान दात तरी दिसले असतील. वळण कसंबसं घेतलं, झाडीआड गेलो, आता कोणी बघत नाही म्हणून पाय टेकणार, एवढ्यात वरच्या वळणावरून ओरडा आला,

"या या, सावकाश या, आम्ही पाच जण थांबलोय!"