दरडोई उत्पन्न आमच्या घरात पोचत नाही

‘गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात आघाडीवर, म्हणून पणजी-म्हापशातल्या घरांचं राहणीमान उंचावलं’ हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. दरडोई उत्पन्न म्हणजे राज्याचं एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या. त्यात औषध कारखान्यांचा, हॉटेलांचा नफाही धरतात. तो कामगाराच्या घरी येतोच असं नाही.

आम्ही म्हापशात दोन खोल्यांत भाड्याने राहतो. नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर जातो, मी एका दुकानाचे हिशेब लिहिते. चार वर्षांत दोघांचाही पगार वाढला, पण ती सगळी वाढ भाड्याने खाल्ली, कारण मालकाला तीच जागा पर्यटकांना दिवसाच्या दराने देता येते. शुक्रवारच्या बाजारात इसवणापाशी (सुरमईपाशी) थांबणं मी कधीच सोडलं. बांगड्यांचा वाटासुद्धा दोनदा विचार करून घेते. गृहिणींसाठीच्या ‘गृह आधार’ या सरकारी योजनेचे महिन्याचे १५०० रुपये मुलाच्या शिकवणीत जातात. पेडण्यात माझ्या बहिणीची मिळकत आमच्याहून कमी, पण घर स्वतःचं, परसात माड. तिच्या मुलांच्या पानात रोज नुस्तं (मासळी) असतं. लेखात घरभाड्याचा साधा उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं.