बुळकांडी गेली, मग लाळ्या खुरकूत का नाही?

नमस्कार दादा,

बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मंचरहून लिहिलंत: 'बुळकांडी घालवल्याची फुशारकी पुरे. लाळ्या खुरकुताचं काय? सहा महिन्यांनी येऊन टोचतात, दूध आटतं, रोग आहे तिथेच. सगळा लस कंपन्यांचा धंदा.' याचं उत्तर दोन ओळींत होणार नाही.

दूध कमी होतं, खरंय. कधी अंगात कणकण येते, मानेवर गाठ येते. हा त्रास काही दिवसांत जातो. ते आधी न सांगता टोचून पुढच्या गोठ्यात जाणारे आहेत, तुमचा राग रास्त आहे.

पण हे दोन रोग एका तागडीत घालू नका. बुळकांडीच्या विषाणूविरुद्ध एकच लस सगळीकडे चालायची, एकदा टोचली की वर्षानुवर्षं पुरायची, आणि वाचलेलं जनावर विषाणू बाळगून राहत नसे. लाळ्या खुरकुताच्या, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या रोगाच्या, विषाणूचे जगात सात प्रकार. आपल्या लसीत ओ, ए आणि एशिया-1. एका प्रकाराची लस दुसऱ्याला उपयोगी नाही आणि तिचा जोर काही महिन्यांतच ओसरतो. बरी झालेली गाय महिनोन्‌महिने घशात विषाणू बाळगू शकते. शेळ्यामेंढ्यांत तर रोग पुष्कळदा कळतही नाही.

आणि बुळकांडी तरी नुसत्या सुईने कुठे गेली? 1889 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा सुरू झाली (पुढे ती आताच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला हलली), तेव्हा बुळकांडी हीच मोठी डोकेदुखी होती. 1954 पासून देशभर लसीकरण चाललं. रोग खूप कमी झाला, पण संपेना. टोचलेल्या कळपांत तो अधूनमधून दबून राहायचा, आणि रक्तातली प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती द्रव्यं) लसीची की रोगाची हे ओळखता येत नसे. शेवटी लस थांबवून गावोगाव रोग शोधत फिरावं लागलं. 1995 नंतर देशात रुग्ण नाही, 2006 मध्ये भारत मुक्त, 2011 मध्ये सगळं जग. धंदाच करायचा असता, तर चांगली खपणारी लस कोणी बंद केली असती?

लाळ्या खुरकुतात आता रक्ततपासणीवरून लस आणि रोग वेगळे ओळखता येतात. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात लस मोफत आहे. घोडं अडतं ते दुसरीकडे. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. उन्हात डिकीत फिरलेली बाटली टोचून कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर नोंद होते, जनावराचं संरक्षण होत नाही. शिवाय उसाच्या हंगामात गाडीबैल येतात, मेंढ्यांचे कळप फिरतात, आणि तोंडात फोड आलेली गाय गुपचूप बाजारात नेणारे आपल्यातलेच असतात. 2022 मध्ये लंपी या गुरांच्या त्वचारोगासाठी बाजार बंद केले, तेव्हा आरडाओरडा कोणी केला, आठवतंय ना? 2009 च्या कायद्याने अशा रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. किती जण देतात?

पुढच्या फेरीला लस बर्फाच्या डब्यातून काढली का, ते बघा. नसेल तर टोचू देऊ नका, तालुक्याला तक्रार करा. गोठ्यात लाळ गळताना दिसली, तर डॉक्टरांना नमुना पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायला सांगा, आणि अहवाल येईपर्यंत चाकणचा बाजार नको.