लावली तेव्हा चालत होती

गंजक्या गाडीचा मालक खोटं कधी बोलत नाही. तो एवढंच म्हणतो, "लावली तेव्हा चालत होती." कधी लावली, हे आपण विचारायचं नसतं. शेजारच्या आजोबांनी त्यांची 1966 ची फोर्ड मस्टँग गॅरेजात लावली तेव्हा रेगन राष्ट्राध्यक्ष होते, म्हणजे ऐंशीचं दशक. गाडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर नातवंडांच्या सायकली, सायकलींवर ख्रिसमसचं प्लॅस्टिकचं झाड. "तुला हौस आहे ना, घेऊन जा," आजोबा म्हणाले. आजींना इतकं खूश मी नातीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जरा बाहेर. ही गाडी जन्मली ते डिअरबॉर्न इथून जवळच. पण याच डेट्रॉइटच्या पोटात, सुमारे 1,200 फुटांवर, मिठाची खाणही आहे. म्हणजे गाड्या घडवायच्या आम्हीच आणि हिवाळाभर बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकून, गंजवून त्या संपवायच्याही आम्हीच.

जुन्या गाड्या उभ्या करायच्या या छंदातला पहिला धोका म्हणजे गाडीवर कारखान्यात ठोकलेला नंबर वाचता येणं. हिच्या नंबराची सुरुवात 6एफ07टी. सहा म्हणजे 1966, एफ म्हणजे डिअरबॉर्न, 07 म्हणजे हार्डटॉप (पक्क्या टपाची), टी म्हणजे साधं सहा सिलिंडरचं इंजिन. टीच्या जागी 'के' असता, म्हणजे 271 हॉर्सपॉवरचं आठ सिलिंडरचं व्ही-8, तर मी विचार करत बसलोच नसतो, थेट वेल्डरच्या दारात जाऊन झोपलो असतो. टी म्हणजे लायब्ररीत पुस्तकं बदलायला न्यायची गाडी. त्या वर्षी सहा लाखांवर मस्टँग निघाल्या, त्यातल्या बहुतेक हार्डटॉपच. हिच्यात दुर्मीळ असं एकच होतं: शाबूत पत्रा.

तो शोधायला चुंबक लागतं. गंजलेली भोकं पुट्टीने बुजवलेल्या जागी ते चिकटत नाही. घरात चुंबक एकच, फ्रिजवरचा गणपती. बॉनेटवर बाप्पा घट्ट बसले. दारावरही बसले. मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावले आणि थेट खाली आले. "तिथली पुट्टी मी स्वतः भरलीय," आजोबा अभिमानाने म्हणाले. बाप्पांना मी शर्टाला पुसून खिशात ठेवलं. पुढचं त्यांनी बघू नये असं वाटलं.

मग पाण्याची परीक्षा. समोरच्या काचेच्या पुढे हवेसाठी जाळी असते, तिच्याखाली पत्र्याची बंद पेटी. तिच्यात वर्षानुवर्षं पाला साचतो, ओल धरते आणि पेटी आतून सडते. बाहेरून मात्र रंग कसा लख्ख! मी जाळीत बादलीभर पाणी ओतलं. ते ड्रायव्हरच्या पायाशी आलं, पण साचलं नाही. साचायला खाली फ्लोअर हवा ना. "बघ, निचरा उत्तम आहे," आजोबा.

बरं, या गाडीला वेगळी चासी नसते. पत्रा हाच सांगाडा. त्यामुळे फ्लोअर गेला म्हणजे नुसती सतरंजी गेली असं नाही, कणाच गेला. दार उघडं ठेवून जॅक लावला, गाडी जेमतेम वर उचलली, आणि नंतर ते दार लागेचना. गाडी मधोमध वाकली होती. आजोबांनी दार नुसतं टेकवून ठेवलं आणि सहज आलेल्या पाहुण्यासारखे हवापाण्याच्या गप्पा मारू लागले.

1964 साली मस्टँग बाजारात आली तेव्हा नव्याकोऱ्या गाडीची किंमत 2,368 डॉलरपासून सुरू व्हायची. वेल्डरने नुसत्या फ्लोअरचा सांगितलेला आकडा त्याहून मोठा होता. वर "आणखी किती निघेल ते कापल्यावर कळेल" ही पुरवणी.

खरी गोची पुढेच आहे. हिचा प्रत्येक पत्रा आजही नवा मिळतो. इतकंच काय, अख्खी बॉडी मिळते! एखादा भाग मिळालाच नसता तर मी सुटलो असतो. इथे "दुरुस्त होईल का?" याचं उत्तर कायम हो. म्हणून तो प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचा तो बायकोने विचारला: "त्या पैशात न गंजलेली येते का?"

येते. वर भारताची तिकिटंही येतात.

आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आपल्याकडे भंगारवाला येतो तो पैसे देऊन नेतो. तू देणार?" आणि लगेच, "गाडीखाली कोण झोपणार? कंबर दुखते म्हणत होतास ना?"

तेव्हा निकाल स्पष्ट आहे. ही गाडी उभी करण्यात अर्थ नाही. इंजिन, काचा, बंपर, आतलं स्टिअरिंग ज्यांना हवं त्यांनी न्यावं. त्यावर दुसऱ्या दोन मस्टँग तरी धावतील. आजोबांना मी तसं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, आजींना जास्त.

त्या रात्री बायको फोनमध्ये डोकं घालून बसली होती. "ऍरिझोनात पाऊसच पडत नाही म्हणे," ती म्हणाली. "ही बघ. 65 ची. नंबरात सी आहे, म्हणजे व्ही-8 ना?"

मी विचारलं, "तिथून ट्रकचं भाडं किती पडेल?"

ते तिने आधीच काढून ठेवलं होतं.