खुलासा : आइन्स्टाइन गणितात नापास झाले नव्हते

‘आइन्स्टाइनही गणितात नापास झाले होते, मग फिजिक्स घ्यायला घाबरता कशाला?’ हा मेसेज मुलांना धीर यावा म्हणून मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, माफ करा. आइन्स्टाइन यांचं स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावच्या शाळेचं १८९६ चं प्रमाणपत्र आजही पाहता येतं: बीजगणित, भूमिती, भौतिकशास्त्र, तिन्हींत ६ पैकी ६. १८९५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा हुकली खरी, पण ती इतर विषयांमुळे. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते.

त्यापेक्षा मुलांच्या हातात २५ सेंटिमीटर दोरा आणि टोकाला बांधलेला नट द्या. तो लटकवून झुलवला की एक पूर्ण झोका (जाऊन परत येणं) साधारण एका सेकंदाचा. दोरा चौपट, म्हणजे मीटरभर केला की वेळ मात्र दुप्पटच! ‘असं का?’ हा प्रश्न तिथेच येतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना आधी पाठवला असेल, त्यांनाही हे कळवा.