त्या पुस्तकाला मिळमिळीत म्हणू नका

दुपारपासून डोकं फिरलंय, त्यामुळे मोठं लिहिणार आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

भाच्याच्या शाळेत चौथी-पाचवीसाठी अवांतर वाचनाची यादी ठरतेय. पालकांना पुस्तकं सुचवायला सांगितलं होतं. ताईने माझ्या आग्रहावरून मुलांसाठीची एक ऐतिहासिक कादंबरी सुचवली, सम्राट अशोकाने कलिंगवर, म्हणजे आजच्या ओडिशाच्या भागावर, केलेल्या युद्धानंतरची. आज पालकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं की इतिहासाच्या पुस्तकात लढाई पहिल्या काही पानांतच संपते, पुढे नुसती हत्तीची सेवा आणि माफी, असलं मिळमिळीत वाचून मुलं भित्री होतील. खाली अंगठ्यांची रांग. शाळेकडूनही लगेच "फेरविचार करू" असं उत्तर आलं. पुस्तक किती जणांनी उघडून पाहिलं होतं, देव जाणे.

मी ते पुस्तक भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलंय, म्हणून मला राहवत नाहीये.

गोष्ट अशी. कलिंगमधल्या तोसली शहराजवळच्या एका खेड्यातला मुलगा. युद्धात त्याचं घर एका हत्तीने पाडलेलं, आत आजी होती. मुलगा कैद्यांच्या जथ्याबरोबर मगधात, अशोकाच्या राज्यात, नेला जातो आणि गजशाळेत चारा तोडायला, लीद काढायला लागतो. तिथे त्याला तोच हत्ती दिसतो. फाटक्या कानावरून तो ओळखतो. हत्तीच्या पुढच्या पायाला जखम चिघळलीय, माश्या घोंगावतायत, तो तीन पायांवर उभा आहे. त्याला पाणी पाजायचं काम नेमकं या मुलाकडे येतं. मुलगा पाण्याचं घमेलं आणतो आणि सोंड पोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवून समोर बसून राहतो. हत्ती सोंड लांबवतो, साखळी ताणली जाते, सोंडेचं टोक घमेल्याच्या काठाच्या वीतभर अलीकडे थांबतं. मुलगा हलत नाही. पान संपतं.

भाचा म्हणाला, "बरोबर केलं. नको देऊस पाणी."

मी काही बोलले नाही, पुढे वाचत राहिले. लेखकानेही घाई केलेली नाही. पुढचं अख्खं प्रकरण तो मुलगा तिथे बसलेलाच आहे. आजीची आठवण येते, राग येतो, झोप येते, पुन्हा राग येतो. मध्येच भाचा उठून बसला. "मावशी, पण हत्तीला कुठे माहीत होतं ते घर कुणाचं आहे?" मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "माहुताला माहीत होतं. हत्तीला माफ. माहुताला नाही."

आता सांगा, हे मिळमिळीत आहे? नऊ-दहा वर्षांचं पोर दोष कुणाचा हे स्वतःच्या डोक्याने शोधतंय. हुकूम देणारा कोण, अंकुश टोचणारा कोण आणि ज्याच्या मानेवर अंकुश टोचला जातो तो कोण, हे वेगळं करतंय. आपल्यातले किती मोठे लोक एवढं करतात? आपण तर कुणाचा राग आला की त्याच्या सात पिढ्यांना एकाच गोणीत भरतो.

आणि तो हत्तीही कुठला, तर कलिंगच्याच जंगलातला, पकडून नेलेला. ही लेखकाची कल्पना असली तरी तिला आधार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कलिंग आणि अंग देशांच्या हत्तींना सर्वांत श्रेष्ठ म्हटलंय. म्हणजे तो मुलगा आणि तो हत्ती, दोघंही धरून आणलेले. हे मुलाला कळतं ते पान मी वाचून दाखवताना माझाच आवाज फुटेना.

"इतिहास नाही" म्हणणाऱ्यांसाठी आता थोडा इतिहास. ख्रिस्तपूर्व २६१ च्या सुमाराचं युद्ध. अशोकाने ठिकठिकाणच्या खडकांवर तेच ते लेख कोरून घेतले, त्यातल्या तेराव्या शिलालेखात आकडे राजानेच कोरून ठेवलेत. दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख तिथेच मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेला राजा स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मला याचा पश्चात्ताप होतोय. त्याच लेखात तो म्हणतो की कुणी अपराध केला तरी क्षमा करण्याजोगं असेल तेवढं क्षमा करावं. पहिल्या लेखात स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशोब आहे. पूर्वी रोज लाखांनी प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. दुसऱ्या लेखात माणसांबरोबर जनावरांच्या उपचारांची सोय आहे, औषधी वनस्पती लावल्या, वाटेवर विहिरी खणल्या. एका स्तंभलेखात तर पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशी मारू नये त्यांची यादीच आहे. क्षमा आणि मुक्या जिवांची दया एकाच माणसाने एकाच दमात दगडावर कोरली, हा इतिहास नाही तर काय आहे? मुंबईजवळच्या सोपाऱ्याला याच लेखांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ साली संशोधक भगवानलाल इंद्रजींना सापडला. म्हणजे हे आपल्या दारातलंच आहे. आणि अशोक लांबचा वाटत असेल तर शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटून चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला आलेला ससा घ्या, नाथांनी कावडीतली गंगा पाजलेलं गाढव घ्या. या गोष्टी ऐकून कुणाचा मुलगा भित्रा झाला?

हो, मान्य, अशोकाने कलिंग परत दिलं नाही. त्याच तेराव्या लेखात अरण्यात राहणाऱ्या लोकांना दमही भरलाय. फाशीची शिक्षाही त्याने बंद केली नाही, शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली एवढंच.

पण पुस्तकाने हे लपवलेलं नाही, आणि माझा राग खरा इथेच आहे! धौलीच्या खडकावर, म्हणजे कलिंगमध्ये, तोसलीजवळच, तो तेरावा लेख कोरलेलाच नाही. कलिंगमधल्याच जौगडलाही नाही. गिरनारला आहे, पार आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला आहे, आणि ज्यांची माणसं मेली त्यांच्याच भूमीत नाही. तिथे वेगळे लेख आहेत, सगळी माणसं माझी मुलं आहेत असं सांगणारे. कादंबरीच्या शेवटी तो मुलगा मोठा होऊन तोसलीला परततो. खडकातून कोरून काढलेला हत्ती बघतो, खालची अक्षरं वाचून घेतो आणि कोरणाऱ्याला विचारतो, "युद्धाबद्दल काही नाही?" तो म्हणतो, "आलं तेवढं कोरलं." बस. मुलगा राजाला माफ करतो की नाही, हे लेखक सांगतच नाही.

भाच्याने विचारलं, "मग राजा त्यांना सॉरी म्हणालाच नाही?" मी म्हटलं, म्हणाला, पण दुसरीकडे. "मग ते कसं चालेल?"

मलाही नाही वाटत चालेल असं. एवढा अवघड प्रश्न मुलाच्या हातात ठेवणाऱ्या पुस्तकात जोश नाही म्हणता? तलवारींचा खणखणाट वाचायला मलाही आवडतो, लहानपणी मीही गडकिल्ल्यांची पुस्तकं फाटेपर्यंत वाचलीत. ती राहू देत की यादीत. ती काढा असं मी कुठे म्हणतेय?

आता जरा शांत झालेय. त्या गृहस्थांनाही मुलांची काळजीच असणार, बाहेर जग कठोर आहे, पोरगं टिकलं पाहिजे असं वाटत असणार. कळतं मला. पण परवा आमच्या गल्लीत मोठी पोरं कुत्रीच्या पिल्लाला दगड मारत होती, तेव्हा भाचा एकटा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. पाय लटपटत होते त्याचे, मी खिडकीतून पाहिलंय. हटला नाही. त्याला भित्रा म्हणणाऱ्याने एकदा समोर यावं.

आणि माहुताचं त्याने अजून ठरवलेलं नाही. पुस्तक संपून बरेच दिवस झाले तरी जेवताना मध्येच विषय काढतो. कधी म्हणतो माहुतालाही राजाची भीती असणार, कधी म्हणतो तरीही नाही. मी त्याला उत्तर देत नाही, ते त्याचं त्याला ठरवू दे.

यादी सोमवारी पक्की होणार आहे. ताईबरोबर मीही शाळेत जाणार आणि पाण्याच्या घमेल्याचं ते प्रकरण सगळ्यांसमोर वाचायला परवानगी मागणार. नंतर खुशाल मत द्या. ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत त्यांनी कृपा करून या, आणि येताना मुलांनाही आणा.