पोरीच्या डोक्यात बॅप्टिस्ट शिरले

गेल्या रविवारी दुपारी नगरहून ताईचा फोन. सलाम नाही, जेवलास का नाही. “तुझ्या भाचीच्या डोक्यात बॅप्टिस्ट शिरलेत. इतिहास तूच शिकवलास तिला, आता तूच काढ बाहेर.”

प्रकरण असं की भाचीचा मुलगा चार महिन्यांचा झाला. ताईने पाळकांना भेटून बाप्तिस्म्याची तारीख विचारून ठेवली, पांढरं झबलं शिवलं, आणि पुण्याहून भाचीचा निरोप आला, “आई, त्याचा विश्वास त्याला ठरवू दे. सध्या त्याचा दूध सोडून कशावरच विश्वास नाही.” झालं. फॅमिली ग्रुपवर तीन दिवस वचनांची फेकाफेक. कुणी म्हणे लेकरांना माझ्याकडे येऊ द्या, कुणी म्हणे आधी विश्वास मग बाप्तिस्मा. एका काकांनी मध्येच गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, तेवढाच काय तो दिलासा.

आमच्या घरात चार पिढ्या पाळण्यातच बाप्तिस्मा झालाय. नगरकडच्या आमच्या मंडळ्या मुळात अमेरिकन मराठी मिशनच्या. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी, मोठेपणी दृढीकरण (म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली), मग प्रभुभोजन. यात विचारण्यासारखं काही आहे असं मलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं. पण ताईने टोमणा म्हणून ज्यांचं नाव घेतलं त्या बॅप्टिस्टांबद्दल, म्हणजे तान्ह्याला नव्हे तर स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा म्हणणाऱ्या ख्रिस्ती पंथाबद्दल, मी शाळेत शिकवताना थोडंफार वाचलं होतं. त्यांचा वाद बाळापासून सुरू झाला आणि थेट राजाच्या सिंहासनापर्यंत गेला. ताई, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न आणि मूठमाती यांची वही ठेवायचा हुकूम होता. म्हणजे बाप्तिस्मा हा देवाघरचा विधी होता आणि सरकारदरबारची नोंदही. मूल जन्मलं की राजाच्या चर्चचं सभासद झालं, वेगळं विचारायचं कारणच नाही. मी नोकरीत असताना शाळा सोडल्याचे किती दाखले लिहिले असतील! धर्म आणि जातीचे रकाने बापाने पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी सांगितलेल्या शब्दांवर भरायचे. पोरगं शेजारी उभं राहून नाक पुसत असायचं. त्याला कुणी काय विचारलं होतं?

तर जॉन स्मिथ. केंब्रिजला शिकलेला, चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री. राजाचं चर्च बायबलप्रमाणे चालत नाही असं वाटून तो बाहेर पडला आणि लिंकनशायरमधल्या गेन्झबरोला एका वेगळ्या मंडळीचा पाळक झाला. अशा सभा बेकायदा. त्यामुळे १६०८ च्या सुमारास हे लोक अॅमस्टरडॅमला पळाले. (त्यांच्या जवळच्या स्क्रूबी गावची जोडमंडळीही हॉलंडला गेली. त्यातलेच काही पुढे १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला निघाले. ते पाठ्यपुस्तकात आले, हे राहिले.) अॅमस्टरडॅममध्ये यान मुंटर नावाच्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या गृहस्थाच्या बेकरीच्या इमारतीत त्यांना आसरा मिळाला. जहाजांवरची कडक बिस्किटं भाजायची ती जागा.

तिथे स्मिथने प्रश्न काढला. राजाचं चर्च खोटं म्हणून आपण सोडलं, मग त्याच चर्चमध्ये लहानपणी झालेला आपला बाप्तिस्मा खरा कसा? आणि ज्याला बोलता येत नाही ते बाळ पश्चात्ताप कशाचा करणार, विश्वास कशावर ठेवणार? म्हणजे आपल्यापैकी कुणाचाच बाप्तिस्मा झालेला नाही. मग देणार कोण? १६०९ मध्ये स्मिथने स्वतःच स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतून घेतलं, नंतर आपला सोबती थॉमस हेल्विसला आणि मग उरलेल्यांना, सगळे मिळून चाळीसेक माणसं. बॅप्टिस्टांचा इतिहास इथून मोजतात. लक्षात घ्या, ओतून घेतलं. बुडवून नव्हे. आजचे बॅप्टिस्ट पूर्ण बुडवण्याबद्दल इतके आग्रही असतात, पण त्यांची पहिली पिढी आमच्यासारखीच कोरड्या अंगाने घरी गेली.

विरोधकांना आयतंच सापडलं. स्वतःच स्वतःचा गुरू, स्वतःच शिष्य! आणि गंमत म्हणजे थोड्याच दिवसांत खुद्द स्मिथलाच ते पटेनासं झालं. शेजारी मेनोनाइट लोक आहेत, तेही मोठ्यांनाच बाप्तिस्मा देतात, त्यांची मंडळी खरी आहे, मग मी घाई का केली? त्याने त्यांच्याकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. हेल्विस भडकला. आपला बाप्तिस्मा खरा होता, माघार घ्यायची नाही. दहाएक माणसं घेऊन तो वेगळा झाला आणि ज्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला त्या स्मिथलाच त्याने मंडळीबाहेर काढलं. स्मिथ १६१२ मध्ये वारला. त्याच्या लोकांना मेनोनाइटांनी १६१५ मध्ये सामावून घेतलं, म्हणजे अर्जदार गेल्यावर अर्ज मंजूर झाला.

इतिहासात मान हेल्विसला मिळतो आणि तो रास्त आहे, पण माझा जीव स्मिथवर. लोक त्याला चंचल म्हणायचे. आधी प्युरिटन (राजाच्या चर्चमध्येच राहून सुधारणा मागणारा), मग फुटीर, मग हा नवा बाप्तिस्मा. त्यावर त्याने लिहून ठेवलंय की बदलणं हा मुळात दोष नाही, आम्ही खऱ्या धर्मापासून ढळलो हे आधी सिद्ध करा. आमच्या गावच्या पंच कमिटीत अशा माणसाला एक वर्षही टिकू दिलं नसतं.

हेल्विस मात्र वेगळ्या मातीचा. लंडनच्या ग्रेज इनमध्ये कायदा शिकलेला, नॉटिंगहॅमशायरला वाडा, खात्यापित्या घरचा. छळाला भिऊन आपण देश सोडला हीच चूक झाली असं त्याला वाटू लागलं आणि मूठभर लोकांना घेऊन तो परतला. लंडनच्या भिंतीबाहेर स्पिटलफील्ड्सला त्यांनी मंडळी बसवली. इंग्लंडच्या भूमीवरची ही पहिली बॅप्टिस्ट मंडळी. त्याच १६१२ साली एप्रिलमध्ये एडवर्ड वाइटमन नावाच्या माणसाला लिचफील्डला पाखंडी म्हणून जिवंत जाळलं. त्याच्यावरच्या आरोपांत शिशुबाप्तिस्मा नाकारणं हेही एक होतं. इंग्लंडमध्ये पाखंडासाठी जाळलेला तो शेवटचा माणूस, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

अशा हवेत हेल्विसने पुस्तक छापलं आणि एका प्रतीच्या कोऱ्या पानावर राजा पहिल्या जेम्ससाठी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला. सार असं: राजा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता नाही. पुस्तकात त्याने त्याहून पुढची गोष्ट लिहिली. माणसं पाखंडी असोत, तुर्क असोत, यहुदी असोत की आणखी कुणी, धर्मावरून त्यांना तसूभरही शिक्षा करणं हे ऐहिक सत्तेचं काम नाही. तुर्क म्हणजे तेव्हाच्या बोलीत मुसलमान. स्वतःपुरती मोकळीक मागणारे त्या काळात ढिगाने होते. ज्यांचा धर्म आपल्याला साफ चुकीचा वाटतो त्यांच्यासाठीही तीच मोकळीक मागणारा विरळा. हेल्विसला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं आणि १६१६ पर्यंत तो गेलेला होता.

बुडवणं आलं पुढच्या पिढीत आणि दुसऱ्याच गटात. कॅल्विन या धर्मसुधारकाच्या शिकवणुकीतल्या लंडनच्या एका गुप्त मंडळीतून हा गट फुटला. त्यांनी डच येणाऱ्या रिचर्ड ब्लंटला हॉलंडला धाडलं, तिथे बुडवून बाप्तिस्मा देणारे लोक होते म्हणून. तो परत आल्यावर १६४२ च्या सुमारास पन्नासेक जणांचा बुडवून बाप्तिस्मा झाला. १६४४ मध्ये लंडनच्या अशा सात मंडळ्यांनी मिळून आपलं विश्वासपत्र छापलं. विरोधक म्हणत हे लोक कडाक्याच्या थंडीत माणसं मारतात. एसेक्समध्ये बाप्तिस्म्यानंतर काही दिवसांनी एक तरुणी वारली, तेव्हा बाप्तिस्मा देणाऱ्या सॅम्युएल ओट्सवर १६४६ मध्ये खुनाचा खटला चालला. तो निर्दोष सुटला.

आता ताई, तुझ्याकडे येतो. ग्रुपवर तू वचनं टाकलीस, पण रात्री फोनवर हळूच बोललीस ते खरं. “बाळाला काही झालं तर रे?” आपला धाकटा भाऊ तीन दिवसांचा होऊन गेला, तेव्हा आईने दवाखान्यातच पाळकांना बोलावून पाणी लावून घेतलं होतं, हे तूच मला सांगितलं आहेस. ही भीती मी वादात काढणार नाही. सतराव्या शतकातल्या त्या आयांना ती आपल्यापेक्षा जास्त असणार, कारण तेव्हा घरोघरी लेकरं दगावत. त्यात १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने स्पष्टच लिहिलं की बाप्तिस्म्याविना मेलेल्यासाठी मूठमातीची उपासना म्हणायची नाही. म्हणजे बाळाला पाणी लावायचं नाकारणाऱ्या आईला ठाऊक होतं की वेळ आलीच तर पाद्री दोन शब्दही बोलणार नाही. लंडनमध्ये बनहिल फील्ड्स नावाचं वेगळं दफनस्थान अशाच राजाच्या चर्चबाहेरच्या लोकांचं झालं. बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात बुटांच्या नाड्या वळून घर चालवणारा जॉन बन्यन तिथेच आहे.

आणि त्यांनी उत्तरही लिहून ठेवलंय. १६६० मध्ये हेल्विसच्या परंपरेतल्या बॅप्टिस्टांनी दुसऱ्या चार्ल्स राजाला आपलं विश्वासपत्र दिलं. त्यात एक कलम खास तान्ह्यांसाठी आहे. बाळपणी मरणारी सगळी लेकरं, त्यांनी स्वतः काही पाप केलेलं नाही, म्हणून आदामाच्या पापासाठी त्यांतलं एकही नरकात जाणार नाही. सगळी लेकरं, विश्वासणाऱ्यांची तेवढी नव्हे. कज्जेदलालीत आयुष्य गेलेल्या माणसांना हे कलम लिहायला सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

समुद्रापलीकडेही बाळावरूनच रामायण. रॉजर विल्यम्सने प्रॉव्हिडन्सला १६३८ च्या सुमारास अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी काढली आणि काही महिन्यांत तीही सोडली (स्मिथचाच भाऊबंद!). १६५१ मध्ये ऑबडाया होम्स मॅसॅच्युसेट्समध्ये एका म्हाताऱ्या अंध सभासदाच्या घरी प्रार्थनेला गेला म्हणून धरला गेला. दंड भरायला नकार दिला, तेव्हा बॉस्टनमध्ये तीस फटके बसले. नंतर तो न्यायाधिकाऱ्यांना म्हणाला, तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलंत. त्यानंतर दोनच वर्षांनी हार्वर्डचा पहिला अध्यक्ष हेन्री डन्स्टर याने आपलं नवं मूल बाप्तिस्म्याला न्यायला नकार दिला. कॉलेज त्याने शून्यातून उभं केलं होतं, लोकांनी परोपरीने समजावलं, हा ऐकेना. १६५४ मध्ये खुर्ची गेली. भाचीची निदान नोकरी शाबूत आहे.

यांचं सगळंच मला पटतं असं मुळीच नाही. भांडखोर इतके की गाण्यावरूनही फुटले. बेंजामिन कीचने आपल्या मंडळीत भक्तिगीतं सुरू केली, तर माणसाने रचलेलं गाणं उपासनेत कसं चालेल म्हणून काही लोक उठून गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे डोक्यावरून जातं. गाण्यावरचं भांडण एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण हेल्विसच्या वारसदारांनी १८४५ मध्ये अमेरिकेत जे केलं त्याला हसता येत नाही. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं की नाही यावर फूट पडली आणि दक्षिणेच्या बॅप्टिस्टांनी पाठवावं म्हणून वेगळा संघ काढला. राजाची आत्म्यावर सत्ता नाही हे कळलेल्या माणसांना मालकाची शरीरावर सत्ता चालली. जाहीर माफी यायला १९९५ उजाडलं.

आपल्या मराठीशीही या लोकांचा संबंध आहे. विल्यम कॅरी, चांभारकाम करणारा इंग्लिश बॅप्टिस्ट, १७९३ मध्ये बंगालला आला. त्याने तिथल्या श्रीरामपूरच्या (आपल्या नगरकडच्या नव्हे) छापखान्यातून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, १८१० मध्ये शब्दकोश, १८११ मध्ये नवा करार, तोही मोडी लिपीत. त्याला मराठीसाठी मदत करणारे पंडित वैजनाथ शर्मा नागपूरचे.

नागपूर म्हटलं की माझा मुद्दा येतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आपली नगरची जुनी मिशन मंडळी अशीच त्यात आली. आणि त्या सहांमध्ये उत्तर भारतातले बॅप्टिस्टही होते. वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्या, बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर कुणी हटेना, शेवटी दोन्ही वाटा नियमातच घातल्या. तान्ह्याचा बाप्तिस्मा हवा त्यांनी तो द्यावा. नको त्यांनी बाळाचा अर्पणविधी करावा आणि मोठेपणी त्याच्या स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा द्यावा. दोन्ही तितकेच ग्राह्य.

म्हणजे ताई, पोरीच्या डोक्यात बॅप्टिस्ट आत्ता शिरले असतील, तुझ्या मंडळीत ते पन्नासहून अधिक वर्षं बसलेत.

हे सगळं मी परवा ताईला फोनवर सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग पाळकांना विचारून आली. ते म्हणाले, अर्पणविधी करू, अडचण काहीच नाही, पण गेल्या कित्येक वर्षांत कुणी मागितलाच नव्हता, विधीचं पुस्तक शोधावं लागेल.

रात्री पुन्हा फोन. “ते अर्पणाचं ठीक आहे. पण झबलं पांढरंच घालायचं, आणि जेवण मी सांगितलंय. तिला सांग, शंभर पानं होतील.”