नासलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवून परत दूध होत नाही, काका

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा: निसर्ग माणसापेक्षा बलवान आहे, पाच महाविनाश (पृथ्वीवरच्या बहुतेक जीवजाती संपल्या ते काळ) पचवून उभा आहे, लॉकडाऊनच्या दोन महिन्यांत नद्या आपोआप स्वच्छ झाल्या, निसर्गात बदल होतात ते हळूहळू, तेव्हा पर्यावरणवाल्यांच्या बागुलबुवाला घाबरू नका, वेळ आली की माणूस थांबेल. खाली दोन हात जोडलेले आणि एक झाड. पाठवणारे काका भला माणूस आहे, गणपतीत हौदातच विसर्जन करा म्हणून दारोदार फिरतात, त्यामुळे चिडून नाही लिहीत, पण मुद्दे बघायलाच पाहिजेत.

महाविनाशाचं आधी उरकून घेतो. पाच झाले हे बरोबर. त्यातला सगळ्यात मोठा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यातून सावरायला लाखो वर्षं गेली. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या वेळी तर डायनोसॉर गेले ते गेलेच, त्यांच्या वंशातले पक्षी तेवढे उरले. पृथ्वीचं बरं चाललं असेल हो, पण त्या हिशोबात आपण कुठे बसतो ते सांगा.

आता लॉकडाऊन. मार्च २०२० मध्ये कारखाने बंद झाले, गाड्या बंद झाल्या, पण आपल्या घरातला फ्लश काही बंद नव्हता आणि मुळा-मुठेत जी घाण जाते त्यात मोठा वाटा घरगुती सांडपाण्याचाच आहे. हवा स्वच्छ झाली हे मीही गच्चीतून बघितलं, मस्त वाटलं होतं, पण हवेचं वेगळं, धूर थांबला की पावसानं वाऱ्यानं ती निवळते. नदीचं तसं नाही. पुण्याच्या नदीतल्या एका महसीर माशाचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री आहे, कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली त्याची नोंद केली ती पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, याच मुळा-मुठेत. आज तिथे जाळं टाकलं तर आफ्रिकेतून आलेली चिलापी लागेल. म्हणजे नदी सावरलीच की काका, फक्त चिलापीची होऊन सावरली.

आणि मेसेजमधली खरी गोची इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. सावरणं या शब्दाचे दोन अर्थ आहेत, १९७३ साली हॉलिंग नावाच्या कॅनेडियन शास्त्रज्ञानं ते नीट वेगळे काढले. एक, धक्का बसल्यावर किती पटकन पूर्ववत होतं. दुसरा, किती धक्के खाऊनही ते तेच राहतं, भलतंच काही होत नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात वणवा लागतो, सगळं काळं होतं, जूनमध्ये पुन्हा हिरवंगार गवत, हा पहिला अर्थ आणि त्याबाबतीत मेसेज बरोबर आहे. दुसऱ्याचं काय? उथळ तळं घ्या. पाणी नितळ असतं तेव्हा तळाशी वनस्पती असतात, त्या चिखल धरून ठेवतात, पाण्यातलं खत शोषतात, शेवाळ खाणारे बारीक जीव त्यांच्यात लपतात. सांडपाणी थोडं थोडं वाढत जातं आणि वरून काहीच दिसत नाही, बरीच वर्षं काहीच नाही, आणि मग एकदा पाणी इतकं गढूळतं की तळापर्यंत उजेड पोचत नाही, वनस्पती मरतात, चिखल सुटतो, त्यातला फॉस्फरस, म्हणजे तेच खत, पाण्यात येतो, शेवाळ आणखी माजतं. आता सांडपाणी बंद केलंत तरी चिखलातलं खत पुरतंय की. नेदरलँड्समधल्या वेलुवेमेर तळ्याचं असंच झालं, १९७९ पासून तिथे सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला तरी पाणी नितळ व्हायला १९९० चं दशक उजाडलं, शिवाय चिखल उकरणारे मासे जाळी लावून उपसावे लागले ते वेगळंच.

दूध नासतं तसं आहे हे. थोडं लिंबू पिळलं तरी दूध दूधच दिसतं, मग एका थेंबाला फाटतं, आणि तो शेवटचा थेंब परत काढता येत नाही. पनीर वाईट नाही, पण त्याचा चहा होत नाही.

आपल्याकडे जलपर्णीचंही तेच, मशीन आणून काढतात, फोटो येतात, आणि पुढच्या वर्षी परत, कारण बिया चिखलात १५-२० वर्षं टिकू शकतात आणि खायला सांडपाणी चालूच असतं.

"बदल हळूहळू होतात" म्हणणाऱ्यांना फक्त गिधाडं आठवा म्हणावं. ज्यांचं बालपण गावी गेलंय त्यांनी मेलेल्या बैलावरचे थवे बघितलेत. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतात ९९.९ टक्के संपली. कारण काय, तर गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक, आपण गुडघेदुखीला घेतो तेच औषध, मेलेल्या गुरातून ते गिधाडाच्या पोटात गेलं की गिधाड मरायचं. आणि शंभरातल्या एका मढ्यापेक्षाही कमी मढ्यांत ते असलं तरी पुरत होतं, कारण एकेका मढ्यावर अख्खा थवा बसतो आणि गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एकच. २००६ मध्ये जनावरांसाठीचं ते औषध बंद केलं, पण तोवर थवे उरले कुठे होते.

राहिलं "वेळ आली की थांबू". कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला कॉड मासा शेकडो वर्षं काढत होते, मग मोठी जहाजं आली, मासा जवळपास संपला, आणि १९९२ साली सरकारनं मासेमारी बंद केली, दोन वर्षांसाठी म्हणून. ३० हजारांवर लोकांचं काम गेलं. ती बंदी सरकारनं अधिकृतपणे उठवली ती थेट २०२४ मध्ये. ते थांबले होते काका, अगदी तुमच्या मेसेजमध्ये लिहिलंय तसेच.